गाडी थंड पाहिजे

पहाटे ५.३०

विकणाऱ्याला काल रात्रीच सांगून ठेवलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावू नका. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन पहिल्या सेल्फला जे सांगतं, ते नंतर दिवसभर सांगत नाही. टॅपेटची टकटक, टर्बोच्या सीलमधून झिरपलेल्या तेलाचा निळसर धूर, एखाद्या सिलिंडरचं अडखळणं, शेवटच्या घटका मोजणारी बॅटरी, हे सगळं पहिल्या मिनिटभरात कळतं. तेल वर चढलं, धातू तापला, की यातल्या अर्ध्या तक्रारी गप्प होतात.

पिशवी भरली. रंगाची जाडी मोजायचं मीटर, स्कॅनर, कॉम्प्रेशन गेज, दांडीचा आरसा, बॅटरी, गाडीखाली अंथरायला जुनी चादर. सेकंड हँड गाडी बघून देणं हा माझा धंदा. बहुतेक दिवस स्विफ्ट, क्रेटा, इनोव्हा यांच्यात जातात आणि त्या कामातही मला कंटाळा येत नाही, कारण माणसाची बचत त्यात गुंतलेली असते. आजचं काम मात्र वेगळं. वाळूजच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये असलेला एक मुलगा बऱ्याच दिवसांपासून पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस शोधतोय. दुसरी कुठलीही गाडी त्याला नको आहे.

६.१५, सिडको

बॉनेटवर हात ठेवला. कोमट.

"सकाळी जरा बाहेर काढून पुसली," विकणारा म्हणाला. पुसायला गाडी चालू करावी लागत नाही. पण मी काही बोललो नाही, मीटर काढलं. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. छतावर तेवढाच भरला. डाव्या मागच्या पत्र्यावर आकडा ४०० च्या पुढे गेला, म्हणजे खाली लांबी भरलेली. डिकीतली स्टेपनी उचलली, तर तळाच्या पत्र्याला सुरकुत्या आणि वेल्डिंगचे नवे टिपके. मागून जबर ठोकलेली गाडी. वरून मात्र लालबुंद, आरशासारखी.

मुलगा गाडीकडे बघत राहिला होता. त्याचं चुकत नव्हतं. हिरव्या 'व्ही'चा तो बिल्ला, मागचा छोटा स्पॉयलर, सोळा इंची अलॉय, सगळं जागेवर होतं. बिल्ला मात्र बाजारात कुणालाही मिळतो. साध्या दोन लिटर पेट्रोल ऑक्टाव्हियाला आरएसचा साज चढवून विकायला आणलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. म्हणून आधी आरसी बुकात सीसी बघायची. १७८१ असेल तर ती टर्बो आरएस. १९८४ असेल तर दोन लिटर, १८९६ असेल तर डिझेल. ही १७८१ च होती. खरी आरएस, पण मार खाल्लेली.

पुढे कागद. गाडी दिल्ली पासिंगची. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. तेव्हापासून तिकडच्या चांगल्या-वाईट सगळ्याच जुन्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. स्वस्त असणं हा काही दोष नाही. पण या गाडीची एनओसी दुसऱ्याच राज्यातल्या आरटीओच्या नावाने काढलेली होती. ती रद्द करून आपल्याकडची काढायची, मग इथे २७ नंबरचा फॉर्म भरून नवा नंबर घ्यायचा, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, आणि आरसीवर ज्याचं नाव आहे तो मालक कुठे आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येईना.

"काका, रंग तर काढून परत मारता येईल ना?" मुलाने हळूच विचारलं.

"रंग येईल मारता. वाकलेला तळ सरळ झाला असं कुणी म्हटलं, तर मी तुला त्या गाडीत बसू देणार नाही."

८.३०

क्रांती चौकाजवळ चहा घेतला. मुलगा गप्प होता, म्हणून मीच विचारलं, हीच गाडी का? उत्तर मला माहीत होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्याने सांगितलं ते या शहरातल्या कुणालाही पटावं. २००१ मध्ये शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया तिथून बाहेर पडू लागली. त्याच वर्षी केनियातल्या सफारी रॅलीत आर्मिन श्वार्त्सने ऑक्टाव्हिया तिसरी आणली होती. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट, आणि ही अक्षरं स्कोडाने सत्तरच्या दशकात १३० आरएसवर आधीच लावली होती. २००४ मध्ये आरएस भारतात आली. १.८ लिटर, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, टर्बो, १५० पीएस. युरोपात हीच गाडी १८० पीएसची होती, पण आपल्याकडे तेव्हा टर्बो पेट्रोल ही गोष्टच नवी होती. घरची चार माणसं आणि लग्नाचं सामान मावेल अशी गाडी, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते.

अलीकडच्या आरएस बाहेरून आल्या. २०२० मध्ये २४५ पीएसच्या २०० गाड्या आयात झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएसच्या फक्त १०० आल्या, ४९.९९ लाखांना, आणि त्या बुकिंगमध्येच संपल्या. उत्तम गाड्या आहेत. पण त्या तयार होऊन जहाजातून उतरल्या. २००४ ची आरएस शेंद्र्यात जोडली गेली, आणि या मुलाचे वडील तेव्हा त्या लाइनवर कामाला होते.

ही चार दारांची घरगुती गाडी, तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, असा वाद घालणारे भेटतात. मी म्हणतो, म्हणायचं. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा वेग म्हणजे काय ते ज्या गाडीत अनुभवलं, त्याची स्पोर्ट्स कार ती.

१०.००

गॅरेजवर एका अल्टोचा रिपोर्ट लिहून दिला. एका ताईंना फोनवर टायर कुठले घ्यायचे ते सांगितलं. माझ्या इंजिनकामाचे वस्ताद, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, त्यांना जालन्याच्या गाडीविषयी विचारलं. दुपारी तीच बघायला जायचं होतं. चाचांनी एकच सूचना दिली. "पहले तेल का ढक्कन खोलो, बाकी सब बाद में." टर्बोच्या उष्णतेने जुनं तेल जळून काळा चिकटा होतो, तो खाली चेंबरमधल्या चाळणीला जाऊन बसतो, तेलाचा दाब पडतो आणि सगळ्यात आधी टर्बो जातो. वेळेवर तेल बदललेलं असेल तर हेच इंजिन वर्षानुवर्षं चालतं. १.८ टर्बोचं सगळं नशीब तेलावर आहे.

१२.००, जालना रोड

चिकलठाणा, केंब्रिज चौक, मग शेंद्रा. तिथे मुलाचे वडील गाडीत बसले. त्यांनी बसल्याबसल्या मत मांडलं. "साहेब, आम्ही जोडत होतो तेव्हा त्या नव्या होत्या. आता वीस वर्षांची गाडी घेऊन हा काय करणार? त्यात थोडे पैसे घालून नवी स्लाव्हिया घेऊ दे." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नव्या गाडीला वॉरंटी आहे, एअरबॅग आहेत, सर्व्हिस सेंटर दारात आहे. मी मुलाची बाजू घेतली नाही. म्हटलं, आधी गाडी बघू. खराब असेल तर मीच नको म्हणेन.

वाटेत मुलाने आधी काय काय शोधलं होतं ते निघालं. पहिल्यांदा गोव्याची सॅन स्टॉर्म, फायबरच्या बॉडीची दोन सीटची उघडी गाडी, रेनोचं १.२ लिटरचं छोटं इंजिन. दिसायला गोड, पण काच फुटली किंवा दिवा गेला तर आणायचा कुठून? मग अलिबागची चिंकारा रोडस्टर, लोटस सेव्हनच्या धर्तीची, अ‍ॅम्बेसेडरमध्ये असायचं ते १.८ इसुझू इंजिन बसवलेली. मग दिलीप छाब्रियांची अवंती. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली गेली तेव्हा सबंध देश बघत होता. इंजिन सीटच्या मागे, दोन लिटर टर्बो. या तिन्ही गाड्यांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण आपल्याकडे स्पोर्ट्स कार बांधायचं धाडस फार थोड्यांनी केलं. पण पगारावर जगणाऱ्या माणसाने पहिली स्वप्नातली गाडी म्हणून यातली घ्यावी असं मी सांगणार नाही. ज्या गाडीचे बुश, होज आणि सेन्सर आपल्या शहरात मिळतात, ती गाडी चालवली जाते. बाकीच्या ताडपत्रीखाली उभ्या राहतात.

या रस्त्यावर गाड्यांची गोष्ट निघाली की २०१० चा ऑक्टोबर कुणीतरी काढतंच. त्या महिन्यात एकाच दिवशी १५० मर्सिडीज या शहरात आल्या, ६५ कोटींच्या. मोठ्या गाड्यांचं गिऱ्हाईक फक्त मुंबई-पुण्यातच राहत नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळलं. मला त्याचा अभिमान आहे. पण दीडशे जणांनी मिळून नवी गाडी घ्यायची, तेव्हा कंपनी दारात येते. एकट्याने जुनी गाडी शोधायची, तेव्हा तिच्या दारात आपल्याला जावं लागतं, आणि बहुतेक दारांतून रिकाम्या हाताने परतावं लागतं.

१.३०, जालना

मालक डॉक्टर आहेत, साठीच्या पुढचे. गाडी शेडमध्ये, धुळीने भरलेली. बॉनेट थंडगार. डॉक्टरसाहेबांनी निरोप शब्दशः पाळला होता. एवढ्यावरूनच मला अर्धा विश्वास आला.

सेल्फ मारला. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं, क्षणभर वर गेलं, मग खाली येऊन स्थिर झालं. धूर नाही. टॅपेटचा आवाज चार-पाच सेकंद आला आणि थांबला, तेवढा चालतो. इंजिन बंद करून तेलाचं झाकण उघडलं. आत बॅटरी मारली. कॅमवरचा धातू तपकिरी सोनेरी दिसत होता, काळा चिकटा कुठेच नाही. चाचांना तिथूनच फोटो पाठवला.

रंगाचं मीटर सगळीकडे १३० च्या आसपास. फक्त पुढच्या उजव्या फेंडरवर जास्त. डॉक्टर म्हणाले, २०११ मध्ये बदनापूरजवळ ट्रॅक्टरची ट्रॉली घासली होती, फेंडर बदललं. मी काचांवरचे शिक्के वाचले, सगळ्या एका वर्षाच्या. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेली पट्टी ओढून तारीख पाहिली, तीही जुळली. ठोकलेल्या गाडीत काच बदलतात, रंग बदलतात, पण सीटबेल्टच्या पट्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी तिथे नेहमी बघतो.

मग कॉम्प्रेशन. चारही प्लग काढले, कॉइल ओळीने मांडून ठेवल्या, गेज लावलं. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. जवळ होते. स्कॅनरवर एक जुना मिसफायर नोंदलेला, एक ऑक्सिजन सेन्सरचा. कॉइल जाणं हे या इंजिनाचं ठरलेलं दुखणं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

चादर टाकून खाली गेलो. माझ्याआधी मुलाचे वडील खाली शिरले होते. इस्त्रीचा शर्ट, तरीही. पुढचे लोअर आर्मचे बुश फाटलेले त्यांनीच दाखवले. ड्राइव्ह शाफ्टचा एक बूट तडकलेला. चेसिस मात्र सरळ, जोडांवर कारखान्याचं सीलर जसंच्या तसं. बाहेर येऊन त्यांनी मागचं मोठं झाकण काचेसकट वर उघडलं, दोन्ही बाजूंच्या फटीत बोट फिरवलं, आणि पुन्हा बंद केलं. "बसलंय बरोबर," एवढंच म्हणाले. स्लाव्हियाचं नाव नंतर त्यांनी घेतलं नाही.

दोष काय काय ते मी डॉक्टरांसमोरच लिहिलं. मागची डावी काच खाली जात नाही, रेग्युलेटर गेला. छताचं कापड लोंबतंय. एसी कमी. टायरवर कारखान्याची तारीख २०१७ ची, म्हणजे नक्षी कितीही शिल्लक असली तरी चारही बाद. व्हॅक्यूमच्या नळ्या हाताने दाबल्या तर कुरकुरीत.

डॉक्टरांनी मग एक फाइल आणली. पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं. कुठल्या तारखेला किती किलोमीटरवर तेल बदललं, ते प्रत्येक बिलाच्या कडेला पेनने लिहिलेलं. २०२१ मध्ये टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप. आरसी मे २०२० मध्ये आणि पुन्हा मे २०२५ मध्ये रिन्यू केलेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी दहा हजार झाली, त्याआधीच काम उरकलेलं. कर्जाचा बोजा कधीच उतरवलेला. नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावलेल्या. या धंद्यात अशी फाइल क्वचित हाती येते. फाइल बघून मला त्या माणसाविषयी जे वाटलं, ते मी त्यांना तिथेच सांगितलं.

४.००

ट्रायल मी मारली, शेजारी डॉक्टर, मागे बापलेक. आधी इंजिन नव्वदवर येईपर्यंत हळू. थंड टर्बोला पळवायचं नाही. मग बदनापूरच्या दिशेला मोकळा रस्ता मिळाला तसा तिसरा गिअर, आणि पाय खाली. १,७५० फेऱ्यांच्या आसपास टर्बो जागा झाला. जोर एकदम धक्का मारून आला नाही, भरत भरत आला आणि टिकला. कुठे फुसफुस नाही, म्हणजे होज मोठ्या ठिकाणी तरी फुटलेली नाही. चौथ्यात क्लच घसरतो का ते पाहिलं, नाही घसरला. उतारावर पाय काढून पुन्हा दिला, आरशात निळा धूर शोधला, नव्हता. खड्ड्यात पुढून दोन्ही बाजूंनी ठोके येत होते, ते बुशचे. सरळ ब्रेकला गाडी ओढत नव्हती.

मग चावी मुलाकडे दिली. त्याने सुरुवातीला फारच जपून चालवली. डॉक्टरच म्हणाले, "अरे दाब ना, ती त्यासाठीच आहे." त्याने दाबलं. मागून वडील म्हणाले, "बास," आणि लगेच, "आता पुन्हा एकदा."

५.३०

भाव. डॉक्टरांनी साडेतीन लाख सांगितले होते. मी कागद पुढे ठेवला, प्रत्येक कामाचा खर्च लिहिलेला. त्यात वाढवून काही लिहिलं नाही. गाडीला खोटे दोष लावून किंमत पाडणं मला जमत नाही, आणि जपलेल्या गाडीच्या मालकासमोर तर ते करूच नये. त्यांनी कागद नीट वाचला, टायरवर जरा वाद घातला, आणि दोन नव्वदला तयार झाले. अट एकच, गाडी विकायची झाली तर आधी त्यांना कळवायचं. मुलाने मान डोलावली. टोकन दिलं, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. गाडी नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम द्यायची नाही आणि गाडी घरी न्यायची नाही, हा माझा नियम दोघांनाही सांगितला. एमएच २१ चा नंबर तसाच राहील, ते मुलाला थोडं खटकलं. म्हटलं, राहू दे. तिची वीस वर्षं जालन्यात गेली आहेत, ते तिच्या अंगावर दिसायला हरकत नाही.

८.००

जेवून कामांची यादी मुलाला पाठवली, क्रमाने. आधी टायर आणि लोअर आर्मचे बुश, कारण ते जिवाशी संबंधित. मग पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्याच्या सगळ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २००५ चं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. व्हॅक्यूमच्या नळ्या सिलिकॉनच्या. चार कॉइल एकदम, एक राखीव डिकीत. तेल पूर्ण सिंथेटिक, दर वर्षी, किलोमीटर झाले असोत वा नसोत. गाडी पळवून आणल्यावर लगेच बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची. समृद्धीवर न्यायची असेल तर १२० ची मर्यादा तिलाही लागू आहे. एसी, काच आणि छताचं कापड यांची घाई नाही.

टायमिंग बेल्ट २०२१ चा, म्हणजे पाच वर्षं होत आली. किलोमीटर कमी झाले असले तरी रबर वयाने मरतं, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ते काम सगळ्यात वर लिहायला हवं होतं की टायरनंतर, यावर मी विचार करत होतो, तेवढ्यात वडिलांचा फोन आला. गाडी नावावर झाली की बेल्टचं काम रविवारी घ्या, मी हाताखाली येतो, म्हणाले. चाचांना रविवारी वेळ असतो का ते विचारून मी हो कळवलं. वॉटर पंप धातूच्या पंख्याचाच आणायचा, प्लॅस्टिकचा झिजून सुटतो, हे मुलाला त्यांनीच सांगावं असंही म्हटलं. ते म्हणाले, "ते मी त्याला जेवताना सांगितलं."